खुनी कोण, ते गेमला विचारू नका

मागच्या अंकात तपासाच्या व्हिडिओ गेमांचा ओझरता उल्लेख केला होता. दुपारी वामकुक्षीच्या वेळेला मी एका जहाजावरचे मृत्यू निस्तरत बसतो, एवढंच लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. ‘या वयात?’ असं विचारणारी पत्रं बाजूला ठेवली आहेत. उरलेल्यांपैकी काहींना इथे उत्तर देतो. नव्या वाचकांसाठी सांगतो, नोकरीभर मी मुंबई बंदरात आणि न्हावाशेव्याला मरीन सर्व्हेअर होतो. माल भिजलेला असतो, कुजलेला असतो किंवा कमी भरतो. जहाजवाला गोदीकडे बोट दाखवतो, गोदीवाला ट्रकवाल्याकडे. मग विमा कंपनी आम्हाला बोलावते. त्यामुळे या गेमांकडे मी धंद्याच्या नजरेनंच बघणार.

लहानपणापासून वाचनालयातल्या रहस्यकथांवर वाढले. आता नातू म्हणतो, आजी, तू हे गेम खेळून बघ. पुस्तकात नाही असं त्यात काय आहे? शिवाय मला बटणं दाबायची धास्ती वाटते.
(एक निवृत्त शिक्षिका, मिरज)

बाई, शेवटच्या प्रकरणात गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो आणि उलगडा करतो, तेव्हा आपण काय म्हणतो? ‘मला वाटलंच होतं!’ खरंच वाटलं होतं का, हे कुणी विचारत नाही. पान तर उलटलेलं असतं. तुम्हाला काही कळलेलं असो वा नसो, पुस्तक पुढे जातं. चांगला तपासाचा गेम तसा जात नाही. तुम्हाला कळेपर्यंत तो तिथेच थांबून राहतो.

उदाहरण माझ्या आवडत्या गेमचंच देतो. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ हा लुकास पोप यांनी 2018 मध्ये आणलेला गेम. ईस्ट इंडिया कंपनीच्या कामावरचं एक जहाज 1802 मध्ये लंडनहून पूर्वेकडे निघतं आणि बेपत्ता होतं. 1807 मध्ये ते इंग्लंडच्या फाल्मथ बंदरापाशी आपोआप वाहत येतं. वर जिवंत माणूस नाही. मूळ यादीत साठ जणं. तुम्ही कंपनीचे विमा निरीक्षक. (माझे डोळे इथेच चमकले. कुठल्याही गेममध्ये आमच्या जातीचा माणूस नायक झालेला मी पाहिला नव्हता.) साठापैकी प्रत्येकाचं नाव काय, तो कशानं मेला आणि मारला असेल तर कुणी, हे वहीत भरायचं. हाताशी एक घड्याळ असतं. ते मृतदेहापाशी उघडलं की आधी अंधारात त्या माणसाच्या शेवटच्या काही क्षणांचे आवाज ऐकू येतात, मग मृत्यूचा तो एक क्षण गोठलेला समोर उभा राहतो. त्या क्षणात हिंडता येतं, कोण कुठे उभं आहे, कुणाच्या हातात काय आहे हे बघता येतं. बास. कुणी काही समजावून सांगत नाही.

सोबत जहाजाच्या मजल्यांचे नकाशे, खलाशांचं मस्टर आणि जहाजावरच्या चित्रकारानं काढलेली सगळ्यांची रेखाचित्रं मिळतात. चेहरे एका कागदावर आणि नावं दुसऱ्या. त्यांची सांगड तुम्ही घालायची. बोलण्याचा हेल, कपडे, कोण कुणाच्या शेजारी जेवतो, कोणत्या दारातून बाहेर येतो, अशा गोष्टींवरून. सगळा गेम काळ्यापांढऱ्या ठिपक्यांत आहे, जुन्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यासारखा. पहिली दहा मिनिटं डोळ्यांना त्रास होतो, नंतर विसरायला होतं.

बटणांचं म्हणाल तर यात चालायला थोडी सवय लागते. ती नको असेल तर ‘द केस ऑफ द गोल्डन आयडल’पासून सुरुवात करा. त्यात पडद्यावर हवं तिथे नुसती टिचकी मारायची असते. घाई कशातच नाही. चहा ठेवून आलात तरी मेलेला माणूस मेलेलाच असतो.

ओब्रा डिनमध्ये एकेक उत्तर बरोबर की चूक ते सांगतच नाही. तीन बरोबर जमली की मगच शिक्का मारतो. हा छळ कशासाठी?
(इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे)

अरे, हा छळच तर या सगळ्या प्रकाराचा कणा आहे. गणित तुझ्या बाजूचं आहे, तेव्हा तूच मांड. एकेक नाव तपासून दिलं असतं तर एका चेहऱ्यासमोर साठ नावं ओळीनं टाकून बघता आली असती. पाऊण तासात कोडं संपलं, डोकं न वापरता. तीन चेहरे एकत्र तपासायचे तर 60 गुणिले 59 गुणिले 58, म्हणजे 2,05,320 शक्यता होतात, त्याही फक्त नावांच्या. मृत्यूचं कारण आणि मारेकरी वेगळेच. आंधळेपणानं ठोकत बसणं परवडत नाही, म्हणून माणूस निमूटपणे पुरावा बघायला लागतो. तरीही पोप यांनी एक फट ठेवलीय. दोघांबद्दल पक्की खात्री असेल तर तिसऱ्याच्या बाबतीत अंदाज लढवता येतो. ती फट मला आवडते. प्रत्यक्ष कामातही असंच चालतं, दोन खुंट्या पक्क्या रोवल्यावर तिसरी थोडी हलवून बघायची.

तपासाचा गेम बनवणाऱ्यापुढचा खरा पेच खून रचण्याचा नसतोच. तो पेच असा: तुमच्या डोक्यात जे उमगलं ते गेमला कळणार कसं? आणि बरोबर आहे की नाही हे तो सांगणार कसं, उत्तर न फोडता? गेम चांगला की वाईट हे मी यावरूनच ठरवतो.

गोल्डन आयडल हा लॅटव्हियातल्या दोन भावांचा 2022 मधला गेम. त्यातही गोठलेले प्रसंग आहेत, अठराव्या शतकातले. चित्रं मुद्दाम विद्रूप काढली आहेत, माणसांची थोबाडं बघून हसू येतं. खिसे तपासायचे, पत्रं वाचायची, सापडलेले शब्द गोळा करायचे आणि मग घटनेचा वृत्तांत लिहिलेल्या कागदावरच्या रिकाम्या जागा भरायच्या. दोन किंवा त्याहून कमी चुका उरल्या की तेवढं सांगतो, पण कुठल्या ते नाही. मला हा तोडगा फार हुशारीचा वाटतो. ‘जवळ आलायस’ एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो.

याच्या अगदी उलट टोकाला 2015 मधला सॅम बार्लो यांचा ‘हर स्टोरी’. पोलिसांच्या जुन्या संगणकावर 1994 मध्ये एका बाईची घेतलेली जबानी आहे, तुकड्यातुकड्यांत. तुम्ही शोधपेटीत शब्द टाकायचा. तो शब्द ज्या तुकड्यांत आला असेल त्यातले फक्त पहिले पाच दिसतात, तेही तारखेच्या क्रमानं. म्हणजे ढोबळ शब्द टाकला की सुरुवातीच्याच जबान्या पुन्हा पुन्हा हाती लागतात. नंतरचं ऐकायचं तर नेमका, आडवळणाचा शब्द सुचायला हवा, आणि तो सुचतो ते तिनं आधी काय म्हटलं ते नीट ऐकलं असेल तरच. बरोबर-चूक काही नाहीच. कळलं असं वाटलं की तुम्ही उठायचं.

आता माझ्या कामाचं सांगतो, म्हणजे मला यातलं काय भावतं ते कळेल. पोती भिजली असली की आम्ही त्या ओलीवर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचो. पांढरा दुधी साका आला तर खारं पाणी, म्हणजे समुद्र आत शिरला. नाही आला तर पाऊस, नाहीतर कंटेनरच्या छताला आतून सुटलेला घाम. तेवढ्यावरून जबाबदारी कुणाची ते फिरायचं. तो साका धरताना जो आनंद व्हायचा तो निर्भेळ. पण पुढे अहवाल जायचा, वाटाघाटी व्हायच्या, कुठल्या तरी आकड्यावर तडजोड व्हायची आणि फाईल बंद. ‘तुमचं निदान खरं होतं’ असं सांगायला कुणी आलं नाही. येणार तरी कोण, खरं काय झालं ते पाहिलेला माणूस सहसा नसतोच. अहवाल मंजूर होणं निराळं आणि खरा असणं निराळं. ओब्रा डिनमध्ये तीन नावं एकदम छापील अक्षरांत पक्की होतात ना, तेव्हा मला जे वाटतं त्याचं कारण हे आहे.

मुलगी अकरा वर्षांची आहे. मैत्रिणीकडे ‘एस अटर्नी’ पाहून आली आणि हट्ट धरून बसलीये. खुनांचे गेम मुलांना द्यावेत का?
(एक आई, कोल्हापूर)

ताई, सरसकट उत्तर नाही, गेम बघून ठरवा. ओब्रा डिन तिला आत्ता नको. रंग नसले तरी त्यात मरणं भयंकर आहेत आणि ती जवळून बघावी लागतात. हर स्टोरी मोठ्यांचाच.

एस अटर्नी ही कॅपकॉम या जपानी कंपनीची मालिका, 2001 पासूनची, शू ताकुमी यांनी सुरू केलेली. त्यात तुम्ही बचावाचे वकील. साक्षीदार खोटं बोलतो, त्याचं एकेक वाक्य पुन्हा ऐकायचं आणि जिथे ते पुराव्याशी जुळत नाही तिथे बरोबर तोच कागद पुढे करायचा. चुकलात तर दंड. खून आहेत, पण सगळं चित्रमालिकेच्या थाटात, आरडाओरडा आणि विनोद भरपूर. खरी अडचण वेगळीच आहे. त्यात हजारो ओळी इंग्रजी वाचावी लागते. शेजारी बसून पहिला खटला दोघी मिळून खेळा. तिला इंग्रजी पेललं तर पुढचे खटले ती एकटी लढेल आणि घरात तुमची उलटतपासणी सुरू होईल, ती जबाबदारी माझी नाही.

एक तक्रार मात्र आधीच सांगून ठेवतो. कधी कधी आपल्याला उत्तर आधी कळलेलं असतं आणि वकीलसाहेब अजून चाचपडत असतात. योग्य पुरावा आधीच्या वाक्यावर दाखवला तर गेम तो नाकारतो, कारण त्याला तो पुढच्या वाक्यावर हवा असतो. मुलगी चिडली तर तिचं बरोबर आहे, असं समजा.

हे खूळ कधीपासूनचं?
(सोलापूर)

मोबाइलच्या कितीतरी आधीचं. 1982 मध्ये अमेरिकेतल्या इन्फोकॉम कंपनीनं ‘डेडलाइन’ काढला. नुसता मजकूर, चित्र एकही नाही. डिस्कवर मावेना म्हणून तपासाचे कागद खोक्यातच घातले होते. पोलिसांची टिपणं, जबान्या आणि मृतदेहाजवळ सापडल्या म्हणून चक्क औषधाच्या गोळ्यांची पुडी. पुढच्या वर्षी जपानमध्ये युजी होरी यांनी ‘पोर्टोपिया’ आणला. त्याच होरींनी पुढे ‘ड्रॅगन क्वेस्ट’ केला. त्या काळच्या गेमांत आज्ञा टाइप करावी लागे. उत्तर माहीत असायचं, पण गेमला समजेल तो शब्द सापडायचा नाही. संगणकावर आलेला पोर्टोपिया 1985 मध्ये निन्टेंडोच्या यंत्रावर आला तेव्हा आज्ञांची यादीच दिली, निवडा आणि पुढे जा. मी वर म्हटलेला पेच तेव्हापासूनचा आहे.

ओब्रा डिनमध्ये अडकलो आणि यूट्यूबवर एक उत्तर बघितलं. मग दुसरं, मग सगळीच. आता हळहळ वाटते. अडकल्यावर करावं तरी काय?
(मस्कत)

साहेब, हे गेम एकदाच खेळता येतात. आधीचं कळलेलं विसरता येत नाही, म्हणून उत्तर बघणं इतर गेमांपेक्षा इथे महाग पडतं. गेलं ते गेलं. पुढच्या वेळेसाठी सांगतो.

पहिलं, वही घ्या, खरी, कागदाची. आणि त्यात उत्तरं लिहू नका, प्रश्न लिहा. ‘या माणसाच्या कमरेला किल्ल्या का?’ ‘हा आधीच्या प्रसंगात कुठे होता?’ प्रश्न लिहिला की पुढच्या प्रसंगात नजर आपोआप तिकडे जाते. दुसरं, अडकलेली जागा सोडून द्या. ओब्रा डिन तर मुद्दाम तसाच बांधलाय. प्रत्येक चेहऱ्याला त्रिकोणांनी अवघडपणाची खूण असते, आणि पुरेसा पुरावा तुम्ही पाहिलेला नसेल तोवर चेहरा धूसर राहतो. म्हणजे चेहरा स्वच्छ झाला की समजा, लागणारं सगळं तुमच्यासमोर येऊन गेलंय. इतकी सभ्य वागणूक मला कुठल्या विमा दाव्यात मिळाली नाही.

तिसरं, सुचवणी घ्यायचीच तर माणसाकडून घ्या. ज्यानं खेळलंय त्याला विचारा, ‘मी चुकीच्या खोलीत शोधतोय का?’ तो ‘हो’ म्हणाला तरी पुष्कळ होतं. व्हिडिओला असं थांबता येत नाही.

माझा लॅपटॉप जुना आहे. चालेल का? आणि एकदाच खेळायच्या गोष्टीला पैसे द्यावेत का?
(लातूर)

यातले बहुतेक गेम जड नसतात, साध्या लॅपटॉपवरही भागतं. घेण्याआधी गेमच्या पानावरची किमान गरज बघून घ्या. स्टीम या गेमांच्या ऑनलाइन दुकानात अधूनमधून सूट असते, तेव्हा घ्या. एकदाच खेळण्याबद्दल म्हणाल, तर नाटकाचं तिकीट काढताना हा प्रश्न आपण विचारत नाही.

‘एल. ए. न्वार’बद्दल तुमचं मत काय? माझ्या मते तपासाचा तोच सर्वोत्तम गेम.
(ठाणे)

मतभेद आहे. 2011 मधला तो गेम दिसायला थोर. नटांचे चेहरे बारकाव्यांसकट टिपले होते, खोटं बोलणाऱ्याच्या डोळ्यांवरून ओळखायचं. पण उत्तर द्यायला तीनच बटणं: खरं, शंका, खोटं. ‘शंका’ दाबलं की आपला सभ्य पोलीस एखाद्या म्हातारीच्या अंगावर ओरडायचा. मला विचारायचं एक असे, तो विचारी भलतंच. 2017 च्या आवृत्तीत त्या बटणांची नावं बदलावी लागली, ती उगाच नाही. शहर हिंडायला सुंदर आहे, एवढं मान्य.

आम्ही चौघं मित्र मराठीत असा गेम करायचं म्हणतोय, गोल्डन आयडलच्या धर्तीवर. काय काळजी घ्यावी?
(नागपूर)

हे पत्र मी दोनदा वाचलं. करा, लवकर करा.

पहिली अडचण व्याकरणाची येईल. इंग्रजीत रिकाम्या जागेत कुणाचंही नाव टाकलं तरी वाक्य ढिम्म असतं. मराठी वाक्य चुगली करतं. ‘अमुक मागच्या दारानं रात्री पळून गेली’ असं छापलंत की निम्मे संशयित बाद झाले. ‘अमक्यानं तमक्याचा खून केला’ हे मात्र चालतं, कारण क्रियापद खुनाप्रमाणे चालतं, खुन्याप्रमाणे नाही. हत्याराचंही तसंच. यादीत ‘सुरा’ आणि ‘वरवंटा’, वाक्यात मात्र ‘सुऱ्यानं’ आणि ‘वरवंट्यानं’. शब्द उचलून जागेत टाकला की वाक्य लंगडतं. माझं ऐकाल तर वाक्यं सोडाच. पंचनाम्याचा नमुना घ्या: मयत, ठिकाण, वेळ, हत्यार, इसम, कारण. प्रत्येकापुढे विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके आणि रिकामी जागा. विभक्तीची कटकट संपली, आणि मराठी वाचकाला तो कागद ओळखीचाही आहे.

दुसरं, कृपा करून धुक्यातलं बंगलेवजा इंग्लंड मराठीत आणू नका. आपल्याकडचे कागद काय कमी आहेत? सातबारा घ्या. त्यात ‘इतर हक्क’ म्हणून रकाना असतो, फेरफाराचे क्रमांक असतात, वारसनोंद असते. एखाद्या वाड्यात म्हातारा जातो, आणि मृत्यूच्या तारखेआधीच वारसाचा अर्ज पडलेला असतो. झाला की सुगावा! देवळाच्या पायरीवर देणगीदारांची नावं कोरलेली असतात, लग्नपत्रिकेत आतेमामे कुणाकुणाचे ते छापलेलं असतं. 2025 मधल्या ‘द रूटट्रीज आर डेड’ या गेममध्ये 1998 सालचं इंटरनेट चाळून एका श्रीमंत घराण्याची वंशावळ भरायची असते, आणि नुसती वंशावळ भरणं एवढं रंगू शकतं हे तिथे दिसतं. आपल्याकडे तर आजोबांचंच नाव नातवाला, आणि जुन्या पिढीत लग्नानंतर बाईचं नावही बदललेलं. माहेरच्या पत्रातली द्वारका आणि सासरच्या दस्तातली लक्ष्मी एकच, हे खेळणाऱ्याला स्वतःहून उमगलं की तो खुर्चीतून उठेल. त्याला ते सांगू नका. पात्रांच्या तोंडी तर अजिबात घालू नका.

आणि एक प्रकरण आधी कागदावर करून घरातल्या माणसांना सोडवायला द्या. ती कुठे अडतात ते मागे उभं राहून बघा, तोंड बंद ठेवून. कठीण काम आहे.

ओब्रा डिनमधले खलाशी कसे ओळखायचे? अधिकारी सगळे जमले, पण वर दोरखंडावर चढणारी ही सगळी माणसं मला सारखीच दिसतात. उत्तर नको, दिशा द्या.
(मर्चंट नेव्हीतला वाचक, रत्नागिरी)

तुम्ही जहाजावरचे, तुम्हाला मी काय सांगणार? ज्यांना अजून खेळायचंय त्यांनी इथे थांबावं.

मस्टर पुन्हा उघडा. प्रत्येक नावापुढे एक क्रमांक आहे आणि कुठल्या देशाचा तेही आहे. त्यात हिंदुस्थानातलेही खलाशी आहेत. आता ही माणसं झोपतात कुठे, तिथे जा आणि झोपायच्या प्रत्येक टांगत्या झोळीपाशी थांबा. झोळीला काय अडकवलंय ते वाचा. आणि माणूस पांघरुणात असला तरी त्याचं सगळं अंग झाकलेलं नसतं. पायांकडे बघा. तरीही दोघं-तिघं राहतीलच. राहिली तर कळवा, पण कोणत्या प्रसंगातली ते लिहा, नुसता ‘दाढीवाला’ असं नको. दाढीवाले बरेच आहेत.